आबांची मूठ

अबकैक, सौदी अरेबिया,
शुक्रवार, सकाळ

प्रिय दत्ताभाऊ,

करवतीची मूठ मिळणार नाही. ती जळाली. काल दुपारी हॅरिससाहेबांनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावून हे सांगितलं. इंग्लंडहून कारखान्याचा टेलेक्स आला होता, तो त्यांनी वाचून दाखवला आणि पुन्हा एकदा वाचला, जणू दुसऱ्यांदा वाचल्यावर मजकूर बदलेल. कारखान्यात निघालेले लाकडाचे तुकडे शेगडीत घालतात. आपली मूठही त्यातच गेली.

तुम्हाला जाऊन पाच महिने होत आले. एवढ्या दिवसांत मी तुम्हाला लिहिलं नाही, कारण सांगण्यासारखी पक्की गोष्ट हातात नव्हती, आणि अर्धवट बातमी मी कधी कोणाला दिलेली नाही. आता बातमी पक्की आहे. पण ती सांगायची कोणाला? तिकडे सुमतीवहिनींना सांगण्याआधी तुम्हालाच सांगतो. निदान तुम्ही मला मध्येच तोडणार नाही.

वहिनींचं पत्र आलंय. घरचं सगळं त्यांनी थोडक्यात लिहिलंय आणि शेवटी एवढंच, "मामंजी रोज विचारतात, करवत आली का? दिसत नाही म्हणून दार वाजलं की हात पुढे करतात. मास्तरभावजी, तुम्ही सुट्टीवर याल तेव्हा घेऊन या. खंडेनवमीला पाटावर बाकीची हत्यारं मांडायची तर ती आधी लागते."

आता सांगा, मी काय उत्तर लिहू?

तुम्ही ती करवत मला पहिल्यांदा दाखवलीत तो दिवस आठवतो. मी नवा होतो. खोलीत तुमची खाट खिडकीकडे, माझी दाराकडे. तुम्ही पेटी उघडलीत, रंधे, पटाश्या बाजूला केल्यात आणि मऊ कापडात गुंडाळलेली पितळी पाठीची करवत बाहेर काढलीत. "मास्तर, ही माझ्या लग्नाच्या बायकोपेक्षा जुनी," म्हणालात. पलीकडच्या खाटेवरून उस्मानभाई म्हणाला, "आणि तिच्यापेक्षा कमी बोलते, म्हणूनच हिला गल्फात आणलीस!" तुम्ही त्याला उशी फेकून मारलीत.

मी कौतुकानं करवत हातात घेतली, पण पकडता येईना. मूठ कशी धरायची तेच कळेना. बोटं जागेवर बसतच नव्हती. तुम्ही हसत होतात. मग सांगितलंत, की तुमचे वडील, आबा, मुंबईला गोदीत सुतारकाम करायचे, तिथे ही करवत त्यांनी घेतली. इंग्लंडात हातानं घडवलेली. पुढे बोटीच्या तळात पडून तिची मूळची मूठ फुटली, आणि त्याच सुमारास यंत्रात आबांचं एक बोट अर्धं गेलं. मग आबांनी फणसाच्या लाकडाची नवी मूठ केली, स्वतःच्या त्या हातासाठी. अर्ध्या बोटाला जिथे टेकू हवा तिथे उंचवटा, बाकीच्यांना खोबण.

"पण तुमची बोटं तर शाबूत आहेत," मी म्हणालो.

"हो, पण शिकलो याच्यावर ना! लहानपणापासून हे बोट असं मुडपूनच धरतो. आता सरळ मूठ दिलीत तर माझी रेघ वाकडी जाते."

गावात दुसरं कोणी ती करवत चालवू शकत नव्हतं, हे तुम्ही फुशारकीनं सांगायचात. फुशारकी खरी होती. इथेही कोणाला जमली नाही.

जोसेफला मात्र चालवायची गरजच पडली नाही! इलेक्ट्रिशियन माणूस, एअरकंडिशनरचं खोकं उघडायला त्याला पहार सापडेना, म्हणून तुमच्या बाकावरची करवत घेतली आणि फळीखाली घालून दाबली. पात्याला बाक आला. तुम्ही जेवून परतलात तेव्हा तो निरागसपणे म्हणाला, "दत्ताभाई, आरी थोडी टेढ़ी हो गई. स्टोअर से दूसरी ले लो ना, भरी पड़ी हैं."

भरलेली होतीच. दम्मामच्या बंदरात बोटी रांगेनं थांबलेल्या, रोज कंटेनर येतायत, रोज नवा कॅम्प उभा राहतोय. करवत बोथट झाली की टाका, नवी घ्या. खलास. तुमच्या पाठीमागे वाळवंटात टाकून दिलेल्या करवतींचा ढीग होता. आणि तुम्ही त्या एका पात्यासाठी दोन दिवस कोणाशी बोलला नाहीत. जोसेफनं माफी मागितली, तर म्हणालात, "माझी कशाला मागतोस? हिची माग." आणि त्या बिचाऱ्यानं खरंच करवतीसमोर हात जोडले. मग मात्र तुम्हालाच हसू आलं.

हॅरिससाहेबांनी पात्यावरचा शिक्का पाहिला आणि चकित झाले. "हा कारखाना अजून चालू आहे," म्हणाले. "आपलं हत्यार ते कितीही वर्षांनी दुरुस्त करून देतात. पात्याचा बाक ऐरणीवर ठोकून काढणारा एक म्हातारा कारागीर अजून तिथे आहे." तुमचा चेहरा असा उजळला! "मास्तर, बघा, ह्याला म्हणतात धंदा! विकलं म्हणून विसरले नाहीत." मी इंग्रजीत पत्र लिहिलं. पात्याला बाक आलाय, सरळ करून द्यावा. बस, एवढंच लिहा म्हणालात, एवढंच लिहिलं.

आणि मग खोक्यात बांधताना उस्मानभाईनं जे सांगितलं ते तुम्ही का ऐकलं नाहीत? का?

"दत्ता, मूठ काढून ठेव. स्क्रू तर आहेत, पाच मिनिटांचं काम. पातं तेवढं पाठव. मूठ कशाला विलायतेला पाठवतोस, तिला काय थंड हवा खायची आहे?"

"हट्! मुठीशिवाय हत्यार कोणाच्या हातात देतात काय? आमच्यात नाही देत. नागडं पातं उंबऱ्याबाहेर जात नाही."

"इथे उंबरा कुठे आहे? पत्र्याची शेड आहे!"

"असो. करवत म्हणजे अख्खी करवत. सुताराच्या घरातून ती अख्खीच जाते आणि अख्खीच येते."

उस्मानभाई माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, सांग ना ह्याला." मी सांगितलं. तुम्ही मलाही झटकलंत. "तुमचं काम लिहायचं, मास्तर. हत्याराचं मला कळतं."

तुम्हाला कळत होतंच, दत्ताभाऊ. ते कोण नाकारतंय? पण हत्याराची रीत तुमच्या घरची, आणि ते जात होतं त्यांच्या घरी. त्यांचीही काही रीत असेल, असं तुमच्या मनात एकदाही आलं नाही?

होती त्यांची रीत. ती तुम्ही गेल्यावर कळली.

तुम्ही शेडमध्ये काम करता करता बाकावर डोकं टेकलंत. दुपारच्या उन्हाचा थकवा असेल म्हणून आम्ही हाक मारली नाही. नंतर डॉक्टर हृदय म्हणाले. पुढचे दिवस कागदपत्रांत गेले. कफील मालकाची सही, राहण्याचा परवाना म्हणजे इकामा परत करणं, पोलिसांचा शिक्का. उस्मानभाई आणि मी आलटून पालटून फिरलो. तुम्हाला गावी पोचवलं, पेटीही गेली. पेटीत फक्त करवत नव्हती.

ती नंतर आली. पार्सल आम्ही सगळ्यांनी मिळून उघडलं. पातं बघायला हवं होतंत! डोळ्यांसमोर धरून पाहिलं तर केसभरही बाक नाही. दातांना नव्यानं धार लावलेली, पितळ लखलखीत. जोसेफ तर रडायलाच लागला. आणि मग उस्मानभाईनं ती हातात घेतली, उलटी केली, आणि नुसतं म्हणाला, "मूठ?"

बीच नावाच्या विलायती लाकडाची सुरेख, गुळगुळीत, कारखान्याची मूठ होती. सोबत छापील चिठ्ठी होती आणि खाली कोणीतरी, बहुधा त्या म्हाताऱ्या कारागिरानंच, शाईनं चार ओळी लिहिल्या होत्या. 'आमच्या करवतीला अशी ओबडधोबड मूठ पाहून वाईट वाटलं. आमच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या करवतीला आमचीच मूठ असते. ही आमच्याकडून भेट समजावी.'

भेट!

दत्ताभाऊ, भांडायचं कोणाशी ते सांगा. चूक कोणाची म्हणायची? त्यांनी हलगर्जीपणा केला असता तर मी कडक पत्र लिहिलं असतं. कडक पत्रं मला लिहिता येतात. पण या माणसांनी जीव ओतून काम केलं, वर फुकट मूठ बसवली, वर नम्रपणे लिहिलं. आबांना ज्या गोष्टीचा अभिमान तिला ते ओबडधोबड म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल, कारण तो उंचवटा कशासाठी हे त्यांना कोण सांगणार? पातं आणि मूठ एकत्र पाहून तुम्ही दोघांनी, तुम्ही इथे आणि तो म्हातारा कारागीर तिथे, एकच गोष्ट म्हटली, की करवत अख्खी असावी. फक्त त्याची अख्खी वेगळी होती. याचा मला इतका राग येतो, की तो ठेवायला जागा सापडत नाही.

मी लिहिलं. जुनी मूठ असेल तर परत पाठवा, वडिलांनी केलेली आहे, वडील हयात आहेत. उत्तराला किती वेळ लागावा! दर आठवड्याला टपालाची पिशवी येते आणि मी पोरासारखा दारात. शेवटी हॅरिससाहेबांच्या मागे लागलो. ते एकदा वैतागून म्हणाले, "अरे, एका मुठीसाठी?" मी आबांबद्दल सांगितलं. मग त्यांनी स्वतः टेलेक्स केला. त्याचंच उत्तर काल आलं. कारखान्यानं क्षमा मागितलीय. आणि कळवलंय, की तो पात्याचा बाक काढणारा म्हातारा या वर्षी निवृत्त होतोय, त्याच्या जागी कोणी नाही. यापुढे असली दुरुस्ती ते घेणार नाहीत. म्हणजे तेही संपतंय. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, काल तरी वाटलं नाही.

काल संध्याकाळी खोलीत पंचायत बसली. उस्मानभाई म्हणाला, "हे बघ मास्तर, मी मूठ करतो. लाकूड काढू कुठून तरी, पॅकिंगच्या फळ्यांत कधी कधी चांगलं निघतं. दत्ताच्या हातात मी ती रोज बघत होतो. उंचवटा, खोबण, सगळं डोळ्यांत आहे. चहाच्या पाण्यात बुडवून जुनी करू."

"आणि आबा हात लावतील तेव्हा?"

"म्हातारा माणूस. दिसत नाही त्याला."

"म्हणून तर! दिसत असतं तर कदाचित फसले असते."

उस्मानभाईनं करवत जवळ ओढली. मग म्हणाला, "तू नेशील ही बीचची? त्या घरात? तो म्हातारा मुलाची म्हणून हात पुढे करणार, आणि त्याच्या हातात परक्याची मूठ?" एवढी वर्षं तुमच्याशी भांडत राहिला तो माणूस, तुमच्या बापासाठी खोटं करायला निघाला होता.

जोसेफ हळूच म्हणाला, "हँडल निकाल के ले जाओ. सिर्फ ब्लेड." मी म्हटलं, ते तर मुळीच नाही. करवत अख्खीच जावी म्हणून तर दत्ताभाऊंनी एवढं सगळं घालवलं. सुटं पातं त्यांच्या उंबऱ्याआत मी कुठल्या तोंडानं नेऊ?

तर आता ठरलंय ते सांगतो, आणि हे वचन समजा. करवत मी अख्खी नेईन, बीचच्या मुठीसकट. खोटी मूठ बसवणार नाही. दार वाजल्यावर आबांचा हात पुढे येण्याआधी मी बोलेन. मूठ जळाली, कशी जळाली, उस्मानभाईनं काय सांगितलं होतं आणि तुम्ही का ऐकलं नाहीत, सगळं, क्रमानं. काही लपवणार नाही, तुमचा हट्टसुद्धा नाही. मग करवत हातात देईन.

सुट्टी मंजूर झालीय. पुढच्या आठवड्यात दहरानहून मुंबई, तिथून एसटीनं राजापूर. खंडेनवमीच्या आधी पोचेन.

आबा काय म्हणतील? उस्मानभाईला वाटतं, रडतील. मला वाटतं, शिव्या घालतील. मला, त्या कारखान्याला आणि तुम्हाला. तुम्हाला सगळ्यांत जास्त. मग अंगठ्यानं चाचपून विचारतील, की इंग्रजानं मूठ बसवलीय कशी, ढिली की घट्ट?

घट्ट आहे, दत्ताभाऊ. तेवढं मी पाहून ठेवलंय.

तुमच्यावर रागावलेला, तुमचाच
मास्तर