उभी की बसली

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (सहा वर्षांनी लिहितोय, म्हणून ‘तुम्ही’ म्हणणार होतो, हात वळेना.) गुडघा कसा आहे? वहिनी फोनवर ‘ठीक’ एवढंच सांगतात, आणि तुझं ‘ठीक’ मी लहानपणापासून ओळखतो. मी बरा आहे. वाचनालयाच्या माडीवर वेबपानं बनवायला शिकतोय. वर्गात सातजण, म्हातारा मी एकटाच, आणि बाई माझ्या नातीच्या वयाच्या.

तिथे मजकुराच्या तुकड्याला स्ट्रिंग म्हणतात, आणि तो अवतरणचिन्हांत घातला नाही तर यंत्राला कळत नाही. बाईंनी सांगितलं, एक प्रश्न विचारणारं पान करा. उत्तर जुळलं तर ‘बरोबर’, नाहीतर ‘चूक’. इतरांनी पशुपक्षी घेतले. मी आपली चौथीतली कविता घेतली. (त्यातली कुठली ओळ, हे तुला सांगायला नकोच. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी ‘दारात आई उभी होती’ म्हटलं आणि तिसऱ्या रांगेतून तू ओरडलास, ‘बसली होती रे!’ सभागृह हसलं. त्यावर मी माइकवरून जे बोललो, ते तुला आठवत असेलच: ‘तू त्या वर्गात पास तरी झाला होतास का?’ तू न जेवता गेलास.) पुस्तक आता कुठेच मिळत नाही. ती कविता येणारे आपण दोघंच उरलोय. म्हटलं, यंत्रच निवाडा करील.

पानावर प्रश्न ठेवला: दारात आई काय होती? उत्तर लिहिलं: उभी. अवतरणचिन्हं घालायची राहिली. यंत्र म्हणालं, ‘उभी’ म्हणून मला काही ठाऊक नाही. क्षणभर वाटलं, आत तूच बसलायस. अवतरणं घातली, स्वतः ‘उभी’ लिहून पाहिलं, तर लाल अक्षरांत ‘चूक’! पंचावन्न वर्षं पाठ असलेली कविता, आणि मीच नापास. बाई वाकून पाहत म्हणाल्या, “काका, तुमच्या साठवलेल्या उत्तरामागे एक मोकळी जागा आहे.” मी म्हणालो, “जागा नाही, तो विराम आहे. कविता तिथे थांबते.” त्या म्हणाल्या, “यंत्राला ते अक्षरच वाटतं.” दुखलं, पण विराम छाटला. उत्तरं ताडून बघणारी यंत्राची ओळही मी स्वतःच पुन्हा लिहून काढली. ‘उभी’ला ‘बरोबर’ आलं आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. पानाचा पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर दिला आहे. तुझं उत्तर घाल आणि निकाल बघ.

वहिनींना नमस्कार.
तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट बंद करण्याआधी ‘बसली’ लिहून पाहिलं. ‘बरोबर’ आलं. ‘झोपली’ लिहिलं, तेही बरोबर. बाईंनी शोधलं: तुलनेसाठी तीन बरोबरीच्या खुणा लागतात, ती ओळ पुन्हा लिहिताना मी एकच दिली. त्यामुळे यंत्र ताडून बघतच नाही; समोरच्याच्या उत्तराच्या जागी माझंच उत्तर कोंबतं आणि मान डोलावतं. (माझ्याकडूनच शिकलंय.) दुरुस्तीला अर्धं मिनिट पुरेल, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, राहू द्या.

ता. क. २. शनिवारी दुपारी वाचनालयात ये. जिन्याला कठडा आहे, मी खाली उभा राहीन. (तू म्हणशील तर बसेन.) आणि पान आता कुणालाच ‘चूक’ म्हणत नाही, म्हणून ते मला हातानेच लिहावं लागतंय: त्या दिवशी मी माइकवरून बोललो, ते चूक.