गोठ्यातून सुटी नाही

धाकटे,

आशीर्वाद. मी ठणठणीत आहे, उगाच काळजी करत बसू नकोस.

इथल्या गोठ्याचं सगळं शेण आता गोबरगॅसला जातं. ओढा स्वच्छ झाला, दूधही त्याच गॅसवर तापतं. डोकं माझंच, आणि त्यातच मी अडकले. काम शिकवलेली दोन्ही माणसं शेजारच्या गोठेवाल्यानं पळवली. आता मालक म्हणतात, "बाई, तिसऱ्याला शिकवायचं नाही. आणि तुम्ही गेलात तर टाकी बंद पडेल." सुटी पुन्हा नाकारली.

आई पथ्य पाळते ना? माझ्यासाठी डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकलू देऊ नकोस. ताई थेट दवाखान्यात येतेय, असं सांग. नंतर पट्टी असेपर्यंत तूच ताई बनून माझ्या आवाजात खेकसत राहा. दुसऱ्या डोळ्यानं तिला दिसतंच किती?

तुझी,
ताई