गुरुवारचा धूर

खोडाळा,
१३ डिसेंबर २०२४

प्रिय चंदनाताई,

देवानंदचा नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही असाल. नागली झोडून घरात आली. थंडी चांगलीच पडलीय. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

बाबांच्या जुन्या व्हॅनने महिनाभर डोकं खाल्लं. मागून काळा धूर, पेट्रोलचा वास आणि घाट चढताना धाप. तुळशीदास मेकॅनिकने प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. म्हणाला, इंजिनात पेट्रोल जास्त जातंय, हवा कमी पडतेय. एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर उघडून धुतला. गाडी शहाण्यासारखी चालायला लागली, आणि गुरुवारी पुन्हा तेच. शेवटी त्याने विचारलं, गुरुवारी वेगळं काय असतं? मला हसू आलं. गुरुवारी आई असते.

दर गुरुवारी ती माझ्या प्रवासी फेरीला तुझ्या जव्हारपर्यंत येते. बाजार करायचाय म्हणते, पण स्टँडवर गाडीतून उतरतच नाही. काल तिच्याकडे नीट बघितलं. खड्ड्यांमुळे दोन्ही हातांनी सीट धरावी लागते, म्हणून हातातली पिशवी ती समोरच्या चोकच्या खुंटीला अडकवते. थंड इंजिन चालू करताना हवा कमी करायची ती खुंटी. सकाळी ओढायची, इंजिन तापलं की आत ढकलायची. पिशवीच्या ओझ्याने ती पुन्हा बाहेर येत होती, आणि पिशवीआड मला दिसत नव्हती.

पिशवी काढली, खुंटी ढकलली, धूर थांबला. एवढं जड काय म्हणून बघितलं, तर नागलीचं पीठ आणि खुरासणीची चटणी. तुझ्यासाठी. दर आठवड्याला जव्हारला नेते आणि तशीच परत आणते.

दिली का नाहीस, विचारलं. म्हणाली, "तुमच्या बापाच्या दिवसकार्यात तुमी दोघं मला कोन ठेवनार म्हनून भांडलात. तिच्या दारात गेले तर तुला वाटंल, आई तिकडंच गेली."

ताई, तू तिला नेते म्हणालीस, मी पाठवणार नाही म्हणालो. कोण बरोबर ते मला अजून ठरवता येत नाही. ती गेली तर घर खायला उठेल, ही भीती खरी आहे. पण तिला विचारायचं तुलाही सुचलं नाही आणि मलाही.

पिशवीसाठी गाडीच्या दाराजवळ हुक ठोकलाय. येत्या गुरुवारी गाडी स्टँडवर न थांबवता तुझ्या दाराशी आणतो. आईला राहावंसं वाटलं तर राहू दे. मी गाडीतच बसेन.

हाक मारलीस तर उतरेन.

तुझा भाऊ,
देवानंद