भाऊंसाठी तांब्याची पाइपलाइन

८ सप्टेंबर २०२५
देवपूरच्या नव्या डायलिसिस सेंटरचं पाइपिंग मला मिळालं! शुद्ध पाणी टाकीतून मशीनपर्यंत न्यायचं, उरलेलं फिरवून परत टाकीत. एवढंच. लोक उगाच बाऊ करतात. मोठे भाऊ डायलिसिसला एसटीनं जळगावला जातात, येताना उलट्या करत येतात. सांगून टाकलं, दिवाळीपासून जळगाव बंद. वहिनींनी डोळे पुसले. मलाही भरून आलं.

११ सप्टेंबर
पाइप तांब्याचा. फायनल. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तांब्याच्या हंड्यातलं पाणी. कुणाला काही झालं नाही. रत्ना म्हणाली, भाऊही तेच पीत होते ना? बायकोला टेक्निकल समजत नाही. ऑर्डर दिली.

१५ सप्टेंबर
सेंटरच्या टेक्निशियन सारिका मॅडम. पोरगीच आहे. म्हणते, हे पाणी पिण्याचं नाही, याचा संबंध थेट रक्ताशी. तांबं उतरलं तर रक्तपेशी फुटतील, माणूस जाईल. म्हटलं, ठाऊक होतं, तुमची परीक्षा घेत होतो. ऑर्डर कॅन्सल. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

२२ सप्टेंबर
पीव्हीसी! रावेरला केळीच्या बागांत मी आयुष्यभर हेच टाकलं. मॅडम म्हणाल्या, लाइन कडक गरम पाण्यानं निर्जंतुक करायची आहे, पीव्हीसी टिकणार नाही. पेक्स पाइप घ्या, उष्णता सोसतो, सलग येतो, जोड कमी. पेक्स! खोकल्याच्या औषधाचं नाव वाटतं. पेक्स आणतो म्हणालो. पीव्हीसी आणला.

८ ऑक्टोबर
लाइन पूर्ण. काय देखणी! भाऊंना फोटो पाठवला. त्यांनी नुसता अंगठा पाठवला. थकले असतील.

१० ऑक्टोबर, दुपार
टेस्ट. गरम पाणी सोडलं. लाइन केळीच्या घडासारखी लोंबली. एक जोड सुटला, सेंटरचे डॉक्टरसाहेब भिजले, भाजले नाहीत एवढंच. पण एवढं गरम पाणी सोडायचंच कशाला म्हणतो मी!

२७ ऑक्टोबर
दिवाळी गेली. पाडव्यालाही भाऊ जळगावच्या एसटीत. डॉक्टरांनी नाशिकची पार्टी बोलावलीय, पेक्सच टाकताहेत. माझ्या मनात पहिल्यापासून पेक्सच होतं. घरात बसवत नाही, दुकानात बसवत नाही. सेंटरवरून चारदा गाडी नेली. थांबलो नाही. पार्किंग नव्हतं.

५ नोव्हेंबर
भाऊंनी जळगावला खोली घेतली. एसटीचे धक्के सोसवत नाहीत. टेम्पोत सामान चढत होतं. म्हटलं, महिनाभर कळ काढा, सेंटर सुरूच होतंय. भाऊ म्हणाले, दिवाळीचंही तूच सांगितलं होतंस. फार लागलं. म्हटलं, बरं, निदान तिथले नळ तरी बसवून देतो. भाऊ म्हणाले, ऱ्हाऊ दे, माले तठे दुसरा भेटना. म्हणजे दुसरा प्लंबर मिळालासुद्धा!

कपाटाला दोरी मीच बांधली, चांगली आवळून. वहिनींनी ती सोडली आणि परत बांधली.