खानूनची आई

२ एप्रिल, लामपांग

मानवजातीवर आजवर बरेच अन्याय झाले आहेत. आज त्यांत एकाची भर पडली. या घराचा नळ फक्त गरम पाणी देतो. टाकी पत्र्यावर, पत्रा उन्हात, आणि ऊन एप्रिलचं. घरमालक म्हणाले, बाई, लोक गरम पाण्यासाठी यंत्रं बसवतात, तुम्हाला फुकट मिळतंय. मी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करणार होते, पण सामान लावायचं राहिलं होतं.

बाकी घर सुरेख आहे. सागवानी, खांबांवर उभं, मागे आंबा. बँकॉकमध्ये सव्वीस वर्षं काढल्यावर पहिल्यांदाच खिडकी उघडली तर समोर दुसरी खिडकी नाही. साप्ताहिकात लोकांची उणीदुणी काढून मी पोट भरते. ते काम कुठूनही करता येतं; उणी सगळीकडे सारखीच असतात.

खानूनला घर पसंत पडलेलं दिसतं. खानून म्हणजे माझा बोका, वय बारा, रंग पिकल्या फणसाच्या गरासारखा. नवऱ्याने एकदा विचारलं होतं, मी की हा? उत्तर द्यायला मला फारसा वेळ लागला नाही.

शेजारच्या सायथोंग आजी चिकट भाताची टोपली आणि भाजल्या मिरच्यांचा ठेचा घेऊन आल्या. एकटीच का, म्हणाल्या. म्हटलं, नाही, मुलगा आहे. त्यांनी मुलाला उचलायला हात पुढे केला, मुलाने हातावर ओरखडा काढला. आईच्या वळणावर गेलाय, म्हणाल्या. बाई आवडली मला.

७ एप्रिल

दुपारी चारला मी लिहायला बसते. चारला खानून येतो, माझी डावी चप्पल ओढून काढतो आणि पावलावर बसतो. साडेपाच किलो. पायाला मुंग्या येतात, मग पाय बधिर होतो. मी हलवत नाही. बारा वर्षांत तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर बसलेला नाही, कुणापाशी घुरघुरलेला नाही. इतरांचे नवरे परस्त्री दिसली की मान वळवतात. माझा बोका पाठ वळवतो. याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवतही नाही. गर्व करण्यासारखं दुसरं फारसं काही नाही, हे आजींनी न विचारता सांगितलं.

१३ एप्रिल

थाई नववर्षाचा पहिला दिवस, एकमेकांवर पाणी ओतायचा सण. खानून सकाळपासून आठ वेळा वाळूत बसला, थेंब नाही. नवव्यांदा ओरडला. असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

जनावरांच्या डॉक्टरच्या दारावर पाटी: गावी गेलो आहे, सर्वांना शुभेच्छा, सोळाला भेटू. म्हणजे आजारी पडायचं ते सोळापासून. आजी म्हणाल्या, नदीकाठी जुन्या भातगिरणीशेजारी एक दवाखाना आहे, बाकीचे बंद झाले की तो उघडतो. संध्याकाळी, रविवारी, सणाला.

टेम्पो केला. आज रस्ता कुणाचाच नसतो. प्रत्येक चौकात पिंपं, बादल्या, पिचकाऱ्या. मी ओरडून सांगत होते, आत आजारी मांजर आहे. एक बाई म्हणाली, मग तर पाणी हवंच, आशीर्वाद असतो, आणि टोपलीवर अख्खी बादली ओतली.

दवाखान्यात बुनलोम मामा म्हणून म्हातारे मदतनीस आहेत. त्यांनी वहीत लिहिलं, ‘खानूनची आई’. त्यानंतर माझं नाव कुणी विचारलं नाही. डॉक्टर पिमदाओ, चाळिशीची बाई, केसांत पेन्सिल खोचलेली, डोळ्यांखाली चार सणांची राहिलेली झोप. मी बजावलं, जपून, तो कुणाला हात लावू देत नाही. हे सांगताना आवाजात जरा तोरा होता.

खानूनने तिच्या कोपराच्या खळग्यात डोकं ठेवलं आणि डोळे मिटले.

माझ्या मनात आलं, वाचतोय. त्याच्या पाठोपाठ आलं, चावत का नाहीये?

लघवीची वाट खड्यांनी बंद झाली होती. नळी घालून मोकळी केली. आणखी चार तासांनी आणला असता तर उपयोग नव्हता, म्हणाली. तीन दिवस ठेवावं लागेल. मी तिचे हात धरले, रडले. हे सगळं खरं आहे. पुढचंही खरं आहे.

१५ एप्रिल

भेटायला गेले. बाकावर एक पोमेरेनियनवाली बाई होती. कुत्र्याच्या कपाळाला सणाची पांढरी भुकटी, बाईच्याही. डॉक्टरने त्याला तीनदा वाचवलंय म्हणे. रात्री दोनला फोन केला तरी, चल आई, घेऊन ये, म्हणते. देव आहे हो, देव. मी म्हटलं, देवाला आपण वर्षातून एकदाच त्रास देतो.

आत गेले. चार वाजले होते. डॉक्टर टेबलाशी कागद लिहीत होती. डावी चप्पल बाजूला ओढलेली. पावलावर खानून, गळ्यात प्लॅस्टिकची कॉलर, शेपटीशी नळी. घुरघुर दारापर्यंत ऐकू येत होती.

तिने ओठांवर बोट ठेवलं. मला.

घरी येऊन लेख लिहायला घेतला. विषय: परोपकारी माणसांचा उपद्रव. फार छान उतरला. फाडला.

१६ एप्रिल

आणला घरी.

निघताना मामांनी मासे धरायचं छोटं जाळं हातात दिलं, आत भाताचा गोळा आणि एक केळं. हे काय ते मला सांगावं लागत नाही. मरणाच्या दारातून परतलेल्याचं अंग आधी बाहेर पडतं. आतला हलका जीव, ख्वान, भ्यालेला असतो, तिथंच कुठेतरी दडून राहतो. मग आईने हवेतून तीनदा जाळं फिरवायचं, नाव घेऊन म्हणायचं, बाळा, घरी चल. मी सात वर्षांची असताना माझ्या आईनेही मला असंच दवाखान्यातून नेलं होतं. सगळ्यांच्या आया नेतात.

डॉक्टर शेजारीच उभी होती. मारा हाक, आई, म्हणाली. नाहीतर राहायचा इथंच, रमलाय. आणि हसली.

तिच्यादेखत? माझ्याच मुलाची मनधरणी? मी म्हटलं, आमंत्रण पाहुण्याला देतात, तो घरचा आहे. टोपली उचलली.

मामांनी हसण्यावारी नेलं नाही. जाळं माझ्या पिशवीत खुपसलं. असू द्या, सवडीने परत करा, म्हणाले.

१७ एप्रिल

खातो. वाळूत बसतो, सगळं व्यवस्थित. बाईचं काम चोख आहे. हे वाक्य लिहिताना पेनची निब वाकली.

चारला आला, चप्पल काढली, बसला. मुंग्या आल्या नाहीत. तासाभराने उठले, पाय अगदी ठीक. गार.

१९ एप्रिल

वजन केलं. साडेपाच किलो, काट्यावर. पायावर काहीच नाही. घुरघुरत नाही. त्याच्या डोळ्यांत बघितलं तर मी दिसते, बस्स. पूर्वी तो दिसायचा.

आज आजींनी उचलला. ओरखडा नाही, अंग चोरणं नाही. त्यांनी लगेच खाली ठेवला, हात लुंगीला पुसले.

यात कुणी नाही, म्हणाल्या.

२० एप्रिल

मामांना फोन केला. उगाच, औषधाचं विचारायला. ते आढेवेढे घेत म्हणाले, आई, तुम्ही हाक मारायला हवी होती. खानूनचा सात नंबरचा पिंजरा रिकामा आहे, पण आम्ही दुसरं जनावर ठेवत नाही. चार वाजले की डॉक्टरांच्या टेबलाखाली घुरघुर सुरू होते.

मी विचारलं, आणि ती काय करते?

काय करणार, म्हणाले. पाय हलवत नाही.

भीती वाटायला हवी होती. माझं अंग पेटलं. काल चारला मी गार पायावर फणसाच्या रंगाचं एक गाठोडं घेऊन बसले होते, आणि त्याच वेळी तिथं ती—

२१ एप्रिल

गेले. जाळं घेऊन. बरोबर चारला.

ती लिहीत होती. पावलावर काही दिसत नव्हतं, पण पाऊल जरा दबलेलं होतं, आणि आवाज येत होता. तिने वर बघितलं. बसा, म्हणाली, घाई करू नका, गोडीने बोलवा, वीजबिल वसूल करायला आल्यासारखं नको.

ते शब्द. त्या शब्दांनी—

नाव घेतलं नाही. तिच्यासमोर त्याचं नाव घ्यायचं नव्हतं. तिच्या पायावर जाळं तीनदा ओढलं आणि म्हटलं, जे माझं आहे ते चल.

घुरघुर थांबली. तिचं पेनही थांबलं. ती बघत राहिली. मला वाटलं, रुसली. बरं वाटलं.

येताना टेम्पोत जाळं मांडीवर जड लागत होतं. भात होता, केळं होतं. त्यापेक्षा जड.

२२ एप्रिल

पाय बधिर झाला. मुंग्या आल्या. रडले. परत आला, माझा आला.

आजी कुंपणापाशी बातमी घेऊन आल्या. काल दुपारी डॉक्टर पिमदाओ खुर्चीतून पडली. सरकारी दवाखान्यात आहे. डोळे उघडे, बोलत नाही. दवाखान्याला कुलूप.

मग माझ्याकडे बघून विचारलं, जाळं कुणावर फिरवलंस? नाव घेतलंस का? मी सांगितलं. त्या खाली बसल्या. म्हणाल्या, दोघं एकमेकांत गुंतून बसली होती गं. एक ओढलंस, दुसरंही बरोबर आलं.

खानून जिन्यावर बसून माझ्याकडे बघत होता. डोळ्यांखाली थकवा. मांजराला कसला थकवा?

उद्या बघू, म्हटलं. आज पाय इतका ऊबदार आहे.

२३ एप्रिल

संध्याकाळी सहाला, गावातले डॉक्टर बंद झाल्यावर, फाटकाशी एक लंगडा कुत्रा आला. मग दुसरा. एक कोंबडा, मान मोडलेला, चालत. कुणी भुंकत नाही. रांग लावून बसतात. खानून आतून फाटकाच्या फटीतून पंजा बाहेर काढतो, एकेकाच्या पोटावर ठेवतो. ऐकल्यासारखा. मग माझ्याकडे बघतो. औषध मी द्यायचं, अशी अपेक्षा.

माझ्याकडे औषध नाही.

२४ एप्रिल

चाळीसेक. त्यांच्या मागून त्यांची माणसं. सगळी मला ‘खानूनची आई’ म्हणतात. कुणी सांगितलं यांना?

पहाटेपर्यंत खानून बसून होता. पंजाचं कातडं सोललंय. घुरघुरत नाही. माझ्या पायावर त्याने एकदाच डोकं टेकलं, तेही नाडीपाशी, जोखल्यासारखं. तिचंच ते. माझ्या बोक्यात बसून मला तपासते.

परत नेलं तर तो तिच्याबरोबर जाईल. मला ठाऊक आहे. म्हणून—

२५ एप्रिल

पोमेरेनियनवाली बाई. कुत्रा कुशीत, जीभ निळी. चौथ्यांदा आलेय, म्हणाली, डॉक्टर आहेत ना आत? मी म्हटलं, नाहीत. खोटं. आतच होती. खानून फटीतून पंजा काढून धडपडत होता, रक्त येईतो.

ती कपाळ फाटकाला टेकून उभी राहिली. कपाळाचा घाम फाटकाला लागला. कुत्रा कुशीतच मेला. तिने आरडाओरडा केला नाही. नाहीत का, बरं, म्हणाली. आणि गेली.

खानूनने पहिल्यांदा माझ्याकडे पाठ वळवली.

२६ एप्रिल

सरकारी दवाखाना. टोपलीत खानून, हातात जाळं.

मामा खाटेशी. म्हणाले, हिची आई लहानपणीच गेली, हाक मारायला कुणी नाही. मी मारतो, पण येत नाही.

येणार कशी. माझ्याकडे होती.

जाळं फिरवलं. तीनदा. या बाईला बाळा म्हणावं लागलं. म्हटलं. पिमदाओ, बाळा, घरी चल. दुसऱ्यांदा जरा हळू. तिसऱ्यांदा खरंच म्हटलं.

तिच्या पापण्या हलल्या. मग चादरीखाली डावा पाय सरळ केला. हळूच, जपून, वर कुणी बसलंय तसा.

त्यालाही हाक मारायला तोंड उघडलं होतं. तो पाय बघितला, आणि मिटलं.

टोपली हलकी. आत श्वास नव्हता. ते आंब्याखाली पुरलं. आजींनी माती लोटली. माझ्याशी बोलल्या नाहीत. मी बोलले, त्यांनी इकडेतिकडे बघितलं. वाऱ्याचा आवाज आल्यासारखं.

नळाखाली हात धरला. पाणी गरमही लागलं नाही, गारही—

तिथून निघताना मला कुणी हाक मारली नाही—

तारीख?

दवाखाना उघडलाय. ती आली कामावर.

मामांचं जाळं द्यायचं राहिलं होतं. धुतलं, भाताची शितं काढली, खिळ्याला अडकवलं. मामा समोरच होते. बघितलं नाही त्यांनी. असो. उसनं फिटलं.

आता निघायचं. निघतेच आहे. चार वाजलेत, ती लिहायला बसली, टेबलाखालून तो आवाज येतोय. जरा टेकते. इथं खाली जागा आहे, त्याच्या शेजारी. तिच्या डाव्या पायावर तो.

उजवा रिकामा आहे. तिने चप्पल काढून ठेवली, आणि हलवत नाही—