उशीरमामाचा शेवटचा फुगा

प्रिय लेखकराव,

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवतायत. मध्येच डोळे मिटलेस तरी त्या थांबणार नाहीत, तसं मी त्यांना बजावून ठेवलंय.

आधी बातमी. आपला ‘उशीरमामा’ छापायचं ठरलंय. होय, तोच. दूरदूरची हाक ऐकू येणारा, पण उडता येत नाही म्हणून बसने जाणारा आणि दर वेळी सगळं आटोपल्यावर पोहोचणारा आपला सुपरहिरो. आठवतं, पहिल्या प्रकाशकाला त्याचं पोट खटकलं होतं. दुसऱ्याने विचारलं, हा टॅक्सी का करत नाही? तू तिथेच फाईल मिटलीस आणि मला दंडाला धरून बाहेर काढलंस. आता त्या पहिल्याचं कार्यालय हलवताना तिथल्या नव्या संपादक बाईंना आपण दिलेल्या पानांची प्रत सापडली आणि त्या वाचत बसल्या म्हणे. भिंतीतून आरपार जाणारी आपली नळदुरुस्तीवाली आणि सावलीला वजन असलेला चौकीदार मात्र अजून माझ्या कपाटावरच्या खोक्यातच आहेत. त्यांनी जग वाचवलं असतं, पण त्यांना खोक्यातून काढायला कुणी आलं नाही.

बाकीचे लोक आधी संवाद लिहितात, मग चित्रं काढतात. आपलं सगळंच उलटं. मी चित्रं काढून संवादाचे फुगे रिकामे सोडायचे आणि तू पेन्सिल चावत ते भरायचेस. उशीरमामाचेही भरलेस, शेवटचा सोडून. जळालेल्या घरासमोर एक बाई पायरीवर बसलीय. मामा तिच्या शेजारी जाऊन बसतो आणि काहीतरी बोलतो. काय, ते तुला सुचलं होतं. उद्या सांगतो म्हणालास, आणि सकाळी तुला पक्षाघात झाला.

बाईंनी एका नव्या लेखकाकडून तो फुगा भरून घेतलाय: ‘घाबरू नका, मी आलोय.’ अरे, घर जळून गेल्यावर ती कशाला घाबरेल? हे चुकलंय एवढं मला कळतं. बरोबर काय, ते मात्र काही केल्या सुचत नाही. मी रेघोट्या मारणारा माणूस, शब्द मला बापजन्मात जमले नाहीत. रागाने पान टेबलावर आपटतो आणि पुन्हा उचलून बघत बसतो.

तुला विचारावं, तर आजारपणापासून तुझ्या तोंडून एकच शब्द निघतो, ‘हो’. माझ्या प्रत्येक कल्पनेला नाक मुरडणारा तू! परवा विचारलं, हे वाक्य चालेल का, तर हो. काढून टाकू का, हो. पुस्तकच नको म्हणून कळवू का, हो. शेवटी विचारलं, मी गाढव आहे का, तेव्हाही हो. ते तेवढं मनापासून होतं, असं वहिनींचं मत. आम्ही दोघं हसलो. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. डॉक्टरांना विचारलं, याला कळतं किती? कळत असावं, म्हणाले. तेवढ्या ‘असावं’वर मी घरी आलो.

बाईंना उद्या उत्तर हवंय. त्या भल्या आहेत, तुझ्या संमतीशिवाय छापणार नाहीत, आणि तुझी संमती तर कुणीही, कशालाही मिळवू शकतो. म्हणून हे पत्र. तुझ्यासमोर बसून पुन्हा विचारायचा धीर माझ्यात नाही. ते पान वहिनींनी तुझ्या डाव्या हाताखाली ठेवलंय. त्या हातात अधूनमधून जोर येतो, काल माझा चष्मा ओढलास. वाक्य नको असेल तर पान फाड, चुरगळ, खाली ढकल. मग पुस्तक निघणार नाही, नाही तर नाही. मी बाहेरच्या खोलीत बसलोय. पान तसंच राहिलं, तर ते तुला पटलं म्हणून की हात उचलला नाही म्हणून, हे मला कधीच कळणार नाही. फाड रे, लेखकराव. तेवढं कर.

तुझाच,
रेघोट्या