नानांच्या विहिरीचं पाणी

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
पुन्हा डाग! काळ्या गाडीच्या बॉनेटवर चुना शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके. शोरूमच्या हेमांगी मॅडमनी एक ठिपका नखाने खरवडून पाहिला. "लखनभाऊ, नवी गाडी आहे ही. गिऱ्हाईक मला विचारेल, जुनी विकता का म्हणून!"

पुढच्या मंगळवारी आणखी एक काळी गाडी पाठवणार. ती स्वच्छ गेली तर शोरूमच्या सगळ्या गाड्या माझ्याकडे. नाहीतर दुसऱ्या वॉशिंग सेंटरला.

नशिराबादला आलो, जागा हायवेवर मिळाली म्हणून किती खूश होतो! चांगला प्रेशर पंप घेतला, फोम गन घेतली, गाळ बसायला दोन कप्प्यांची टाकी बांधली. बोअरचं पाणी मात्र तपासलंच नाही. आता क्षार मोजायच्या मीटरवर ९६०. पाण्यात इतके क्षार, मग डाग पडणारच. आधी पाणी बघायचं, मग पंप. मी उलटं केलं.

परवा धुळ्याचे दुकानदार योगेंद्रभाऊ यांच्याकडून जड पाणी मऊ करायचा सॉफ्टनर येतो आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार
सॉफ्टनर बसला. उंच निळी टाकी, शेजारी मिठाचं पिंप. बसवणारा माणूस गेल्यावर लगेच मीटर बुडवलं. ९६०. मीटर धुऊन पुन्हा. ९६२. ग्लास बदलून पुन्हा. ९६०.

फसलो.

६ फेब्रुवारी, गुरुवार
योगेंद्रभाऊंना तक्रारीचं पत्र लिहिलं. 'निष्काळजीपणा' हा शब्द दोनदा तपासला. पाठवलं नाही. सकाळी पाठवीन.

दिवसभर तोताराम नाना आठवत राहिले. दहावीनंतर शाळा सुटली तेव्हा त्यांनीच धुळ्याला गाड्या धुवायच्या कामाला ठेवून घेतलं होतं. पारोळा रोडवर पत्र्याची शेड, निंबाचं झाड, मागे विहीर, एक जुनाट पंप. बस! गाडी आली की नाना आधी ड्रायव्हरला बाकावर बसवायचे. "बस भाऊ, चहा पी. गाडी कोठे जास नही." मला वाटायचं, नानांना गप्पांचा नाद. मागे चार गाड्या उभ्या असल्या तरी ह्यांचा चहा चाललेला. मी घड्याळ बघत राहायचो.

पण गाडी बाहेर पडायची तेव्हा काळ्या दारात स्वतःचा भांग दिसायचा. एक ठिपका नाही. तीन वर्षांत एकही नाही. संध्याकाळी ओल्या फरशीवरून वारा यायचा, निंबाची पानं पडायची, नाना फडकी पिळून एका रेषेत वाळत घालायचे. ते दिवस काही वेगळेच होते.

सोडून येताना मी म्हणालो होतो, "नाना, तुमच्या विहिरीचं पाणीच असं आहे की कोणीही गाडी चमकवेल." नाना हसले. "हा भाऊ, पानीच गोड शे."

असं पाणी मला का नाही?

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पत्र पाठवायच्या आधी योगेंद्रभाऊंना फोन केला. बरं झालं! ते हसायलाच लागले. "अहो, मीटर सगळे क्षार मोजतं. सॉफ्टनर क्षार काढत नाही, फक्त बदलतो. डाग चिकटवणारे जातात, मिठातले येतात. आकडा तोच राहणार. बाटलीत पाणी घ्या, अंगाचा साबण किसून टाका, हलवा."

हलवली. बोअरच्या पाण्याला फेसच नाही, दह्यासारखी साय वर. सॉफ्टनरच्या पाण्याला बोटभर पांढराशुभ्र फेस!

पत्र फाडलं. लाज वाटली.

८ फेब्रुवारी, शनिवार
शेजारच्या किराणावाल्यांची काळी गाडी सॉफ्टनरच्या पाण्याने धुतली. उन्हात वाळत ठेवली. आता पाण्यावर भरवसा होता.

वाळली — आणि ठिपके! पहिल्यापेक्षा बारीक. ओल्या फडक्याने लगेच गेले, पण पडले तर खरे.

मग नानांच्या पाण्यात असं काय आहे? योगेंद्रभाऊ उद्या मीठ घेऊन येणार आहेत. त्यांना विनंती केली, वाटेत नानांच्या विहिरीची एक बाटली भरून आणा. चांगल्या पाण्याचा आकडा तरी कळू दे.

९ फेब्रुवारी, रविवार
योगेंद्रभाऊंनी बाटली दिली. नानांनी कशाला हवी असं विचारलंसुद्धा नाही म्हणे. एवढंच म्हणाले, "पोऱ्या टायमावर जेवस का नही?"

मीटर घातलं. १३८०.

बाटली चुकली असं वाटलं. साबण टाकून हलवली. फेस नाही. दह्यासारखी साय.

माझ्या बोअरपेक्षा जड पाणी.

बाटली समोर ठेवली. मग एकेक आठवायला लागलं. चहा ड्रायव्हरसाठी नव्हता! तेवढ्यात तापलेलं बॉनेट निंबाखाली गार व्हायचं. गार पत्र्यावर पाणी पटकन वाळत नाही. नाना सबंध गाडी एकदम कधी भिजवत नसत. आधी टप, मग एक दार, मग दुसरं. डाव्या हातात पिळलेलं ओलं फडकं, उजव्या हातात कोरडं. पाणी वाळायच्या आत पुसलेलं. कंबर धरून उभे राहायचे, पुन्हा वाकायचे. रोज पंधरा-वीस गाड्या.

आणि मी तीन वर्षं विहिरीचं कौतुक करत होतो. नानांच्याच तोंडावर.

११ फेब्रुवारी, मंगळवार
शोरूमची गाडी आली. ड्रायव्हरला आधी चहा दिला. बॉनेटला हात लावून पाहिला, गार झाल्यावरच पाणी मारलं. सॉफ्टनरचंच, पण एकेक दार करून, दोन फडक्यांनी. कंबर मोडली.

हेमांगी मॅडम गाडीभोवती दोनदा फिरल्या. काळ्या दारात त्यांचा चेहरा दिसत होता. म्हणाल्या, "उद्यापासून सगळ्या गाड्या पाठवते. पाणी फार छान आहे हो तुमच्याकडे!"

मी हसलो. हो म्हणालो.

नानाही असेच हसले होते. रविवारी सेंटर बंद. धुळ्याला जातो.